पाटा पाठवा

"एक तारखेच्या मिरवणुकीत गाडी चालली, तर राहील. नाही चालली, तर दोन तारखेला बुधाजी येईल," एवढं बोलून सरोजिनीबाईंनी कढईतली कोळंबी परतली आणि विषय संपवला.

बुधाजी म्हणजे भंगारवाला. दर पंधरवड्याला तो गिरगावातल्या त्या वाडीत यायचा, अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर बोटानं टकटक करायचा आणि सुस्कारा सोडून निघून जायचा. त्याच्या सुस्काऱ्यानं मनमोहन धैर्यवानांच्या छातीत कळ येई.

गाडी मनमोहनरावांची, म्हणजे मूळची त्यांच्या वडिलांची. वडिलांच्या काळी ती चांगली घरंदाज मोटार होती. वर टप, बाजूला दारं, रबरी भोंगा. वडील गेले आणि मनमोहनरावांनी तिचा टप काढला, दारं काढली, मडगार्ड काढले. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराचा माल लिलावात निघाला होता, त्यातलं एका लॉरीचं इंजिन पुढे दहा वर्षांनी भंगारबाजारातून आणून त्यांनी तिच्यात बसवलं. हेतू एकच, गिरगावातली सर्वांत वेगवान गाडी आपल्या दारात असावी. कचेरीत दिवसभर दुसऱ्याच्या सह्यांसाठी कागद लावून ठेवणाऱ्या माणसाला असा हेतू असतो, त्याला कुणी हसू नये. इंजिन बसलं, सुरू झालं, वाडीभर मांडणीवरची भांडी हादरली, गाडीनं एक उडी घेतली आणि तिचा मागचा आस मोडला. मनमोहनरावांची आस काही मोडली नाही. गाडी विटांच्या थप्प्यांवर उभी राहिली आणि ते नव्या आसाच्या शोधाला लागले. गॅरेजवाले त्याला एक्सल म्हणतात, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

आता सरोजिनीबाईंची बाजू. वाडीत भरपूर ऊन पडायची जागा एकच, आणि ती गाडीनं अडवलेली. एप्रिल आला, की मासळीच्या कालवणात घालायच्या सांबाराच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घालायला त्यांना गाडीच्या मागे उरलेल्या बोळकंडीत वाकून शिरावं लागे. ही कसरत त्यांनी चार उन्हाळे केली. पाचव्या उन्हाळ्यात त्या बुधाजीशी स्वतः बोलल्या.

त्यात मिरवणुकीचं प्रकरण निघालं. संयुक्त महाराष्ट्र होणार हे पक्कं झालं होतं. एक मेला वाडीची मिरवणूक काढायची, पुढे महाराष्ट्राचा मोठा लाकडी नकाशा ठेवायचा, त्यात मुंबई लाल रंगानं रंगवायची, असं वाडीच्या सभेत ठरलं. नकाशा कशावर ठेवायचा असा प्रश्न आला आणि मनमोहनराव उठून म्हणाले, "माझ्या गाडीवर."

"विटांसकट?" अध्यक्ष नानांनी विचारलं.

सभा हसली. मनमोहनराव हसले नाहीत. त्याला कारण होतं. चळवळीत नाना दोनदा तुरुंगात जाऊन आले होते. वाडीतल्या बायकांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. मनमोहनरावही मोर्च्याला गेले होते, पण नोकरी गोऱ्या साहेबाची, म्हणून टोपी भुवयांपर्यंत ओढून आणि घोषणा तोंडातल्या तोंडात देत. ही गोष्ट त्यांना फार लागून राहिली होती. एकदा तरी सगळ्यांच्या पुढे, उघड्या तोंडानं चालायचं होतं. ते म्हणाले, "नाना, गाडी चालणार म्हणजे चालणार." घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा तिनं बुधाजीची तारीख सांगितली.

तेव्हा मनमोहनरावांनी कचेरीत रजा टाकली आणि लालबाग गाठलं.

लालबागला शिवाचं गॅरेज होतं. शिवा मूळचा मालवणकडचा. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा परळपासून वडाळ्यापर्यंत कुणी नव्हता, हे त्यानंच सांगितलेलं. त्याच्याकडे लष्करी मालातला एक दणकट एक्सल पडून होता. अडचण एकच होती. गाडीच्या मागे ज्या लोखंडी पट्ट्यांच्या चवडी असतात, खड्ड्यातून जाताना खालीवर होतात त्या, त्यांना मोटारीच्या धंद्यात पाटे म्हणतात. हे पाटे ज्यांवर बसतात ते ब्रॅकेट, म्हणजे बैठका, या एक्सलवर भलत्याच जागी होते. ते छाटून नवे वेल्ड करायचे होते.

"त्यात काय," शिवा म्हणाला. "एका दमात मारतंय. चाय येयसर काम तयार."

"एका दमात नाही मारायचं," मनमोहनराव म्हणाले. "एका बाजूनं एवढं तापवलंस, तर थंड होताना लोखंड आक्रसतं आणि अख्खा एक्सल वाकतो. केसभर वाकला तरी चाकं फेंगडी."

"माका सांगतास? मी मिलची बॉयलरां जोडलंय."

"बॉयलर कुठं पळायचा असतो? एखाद्या पाइपावर करून दाखव."

शिवानं भंगारातला एक पाइप घेतला, डोळ्यावर काळी काच ओढली आणि इकडून तिकडे एक सलग धार मारली. मग पाइप जमिनीवर ठेवून तो अभिमानानं म्हणाला, "सांधो बघा, सायबानू. लोण्यासारखो."

सांधा खरोखर देखणा होता. पाइपाची दोन्ही टोकं मात्र जमीन सोडून वर आली होती.

"सांधा झकास," मनमोहनराव म्हणाले. "आता पाइप बघ."

शिवानं पाइप फिरवून पाहिला, पायानं दाबून पाहिला आणि बाजूला टाकला. "लोखंडच वायट आसा," तो म्हणाला.

अर्ध्या तासाच्या वादावादीनंतर तह झाला. डाव्या ब्रॅकेटला एक छोटा टाका मारायचा, मग थांबायचं. हात लावता येईल इतकं लोखंड निवलं, की उजव्याला एक टाका. मग पुन्हा थांबायचं. घाई नाही, सलग धार नाही.

"म्हंजे मी वेल्डर की शिंपी?" शिवा म्हणाला.

"आजच्यापुरता शिंपी. एक्सल सरळ राहिलाच पाहिजे."

ब्रॅकेट नेमके कुठं लावायचे ते पाट्याच्या मापानं ठरायचं होतं, आणि पाटा गिरगावात जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेला. मनमोहनराव समोरच्या इराण्याकडे गेले आणि त्यांनी वाडीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानात नाना पेपर वाचत बसले होते, त्यांनीच उचलला. लालबागला त्याच वेळी एक मेच्या कमानीवरचे कर्णे तपासून पाहत होते, त्या कलकलाटात धड ऐकू जात नव्हतं.

"नाना, मनमोहन बोलतोय. घरी सांगा, पाटा पाठवा. लालबागला, शिवाच्या गॅरेजात. टाके मारायचेत."

"काय मारायचंय?"

"टाके, टाके."

"टाकी?"

"हो हो, तेच. भिवा हमालाच्या हातगाडीवर पाठवा."

नाना जबाबदार माणूस. चष्मा खिशात घालून ते तडक धैर्यवानांच्या दारात गेले. "सरोजिनीवहिनी, मनमोहननं पाटा मागवलाय. लालबागला कुणी टाकी मारून देणारा भेटलाय म्हणे."

सरोजिनीबाई डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा तो काळा पाटा वाटून वाटून गुळगुळीत झाला होता, मधोमध खळगा पडला होता, वरवंटा नुसता घसरत असे. टाकी लावून आणा, छिन्नीनं जरा खरबरीत करून आणा, असं त्या वर्षभर सांगत होत्या. प्रत्येक वेळी मनमोहनराव गाडीखालून नुसते पाय हलवत. आणि परवा एक मे, वाडीभरच्या पुरणाचा मोठा वाटा त्यांच्याकडे.

"त्यांना आठवण होती?" त्या म्हणाल्या.

"होती म्हणजे? फोन करून सांगितलंन."

सरोजिनीबाईंना खरंच भरून आलं. माणूस बोलत नाही, पण मनात ठेवतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाटा धुतला, पुसला, जुन्या चादरीत गुंडाळला. सोबत वरवंटाही दिला. मग आपल्या त्या फटकळ बोलण्याचं वाईट वाटून तळलेल्या बोंबलांचा डबा वर ठेवला. भिवा हमालानं हे सगळं हातगाडीवर चढवलं. हे करताना दोघंही जिन्याखालच्या गोणपाटाला वळसा घालून गेले.

भिवानं गॅरेजात गाडी रिकामी केली, तेव्हा मनमोहनराव काही वेळ त्या काळ्या दगडाकडे बघत राहिले.

"हे काय?"

"पाटा."

"आणि हा?"

"वरवंटा. वयनी म्हनल्या, ह्येलाबी दोन टाक्या मारा."

शिवा हसत हसत टायरवर बसला. "आता काय करूया, सायबानू? ह्येका ब्रॅकेट मारू, की वाटप वाटून मासळीचा कालवण करू?"

मनमोहनराव हरणारे नव्हते. त्यांनी भिवाला लोखंडी पाट्याची खूण नीट सांगितली, हातानं लांबी दाखवली, ग्रीस दाखवलं आणि परत गिरगावला पिटाळलं. तोवर एक्सल तरी मांडून ठेवू म्हणून ते आणि शिवा कामाला लागले. पण एक्सलच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा असतो. त्यामुळे तो जमिनीवर ठेवला की डावीकडे कलंडे, विटा लावल्या की उजवीकडे. शेवटी वैतागून मनमोहनरावांनी तो गोळा पाट्यावर टेकवला. वर्षानुवर्षांच्या वाटणानं पडलेल्या त्या खळग्यात गोळा असा बसला, की जागचा हलेना.

"ह्यां बाकी झकास," शिवा म्हणाला. "आता ह्येका खय जाऊक नको."

शिवानं जुने ब्रॅकेट छाटल्यावर गोळा वरून आणि खालून सारखाच दिसू लागला. म्हणून मनमोहनरावांनी वरच्या अंगाला खडूनं ठसठशीत अक्षरांत 'वर' असं लिहिलं. भिवा लोखंडी पाटा घेऊन आला तेव्हा दिवस कलला होता. मापं घेऊन झाली आणि शिवानं हत्यारं आवरली. त्याच्या चाळीच्या मिरवणुकीसाठी झेंड्यांच्या नळ्या जोडायच्या राहिल्या होत्या. "उद्या सकाळी पयलो टाको," तो म्हणाला.

घरी जेवताना सरोजिनीबाईंनी मनमोहनरावांच्या पानात एक तुकडी जास्त वाढली.

"झालं का हो पाट्याचं?"

"उद्या."

"टाकी खोल मारायला सांगा. नाहीतर महिन्यात परत तसाच होतो."

"सांगतो," मनमोहनराव म्हणाले आणि मान खाली घालून जेवले. इतक्या प्रेमानं वाढणाऱ्या बाईला खरं सांगायला जे धैर्य लागतं, ते नुसत्या आडनावानं येत नाही.

दुसऱ्या दिवशी, तीस तारखेला, सरोजिनीबाईंनी डाळ शिजायला घातली, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि भिवाला घेऊन त्या स्वतः लालबागला आल्या. मनात होतं, की आयता टाकी लावलेला पाटा घेऊन जाऊ, तेवढाच त्यांना त्रास कमी. गॅरेजात शिवा काच पुसत होता आणि मनमोहनराव ओणवे होऊन डोळा लावून काहीतरी बघत होते.

"हे काय आहे?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"पाटा," मनमोहनराव म्हणाले. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"माझ्या पाट्यावर काय आहे?"

"एक्सल."

"टाकी कुठं मारलीय?"

"अगं, टाकी नाही. टाके. वेल्डिंगचे. मी तो पाटा मागवला होता, नानांनी हा पाटा ऐकला. म्हणजे ऐकला तोच, पण..."

"म्हणजे तुम्हांला आठवण नव्हतीच."

सरोजिनीबाईंना राग आला होता हे खरं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. कालचे बोंबील त्यांना आठवले.

"उचला," त्या म्हणाल्या.

"अगं, संध्याकाळपर्यंत राहू दे. यावर इतका छान बसलाय..."

"माझं पुरण कशावर बसू दे? उचला."

एक्सल उचलून बाजूला ठेवला. सरोजिनीबाईंनी कोपऱ्यातली बादली घेतली आणि पाट्यावर पाणी ओतलं. पाट्यावरचं ग्रीस जाईना, तेव्हा दुसरी बादली ओतली. पाणी गॅरेजभर झालं. एक्सल वाटेत येत होता, म्हणून त्यांनी तो पायानं ढकलला. तो त्या पाण्यात गडगडत एक कोलांटी घेऊन पलीकडे जाऊन थांबला. मग भिवानं पाटा उचलला, सरोजिनीबाईंनी वरवंटा काखेत घेतला आणि त्या मागे न बघता निघून गेल्या.

"वयनी भारीच तापली," शिवा म्हणाला. "निवाक येळ लागतलो."

"आपण काम करू," मनमोहनराव म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला होता. त्यांनी विटा मांडल्या. दोघांनी एक्सल उचलला. पाण्यानं लख्ख धुऊन निघालेल्या त्या एक्सलवर खडूचा मागमूस नव्हता.

"खयची बाजू वर?" शिवानं विचारलं.

मनमोहनरावांनी निरखून पाहिलं. दोन्ही बाजू सारख्याच. "हीच," ते ठामपणे म्हणाले. त्यांच्यासारखी ठाम माणसं अशा वेळी फार उपयोगी पडतात, कारण काम लगेच सुरू होतं.

आणि मग जे काम झालं, तसं काम लालबागनं पाहिलं नसेल. विटांवर एक्सल पुन्हा कलंडू लागला, म्हणून मनमोहनरावांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. शिवानं डावीकडे टाका मारला. दोघं थांबले. लोखंड निवलं. उजवीकडे टाका. पुन्हा थांबले. पहिल्या प्रहरी शिवाला बसवेना, त्याचा हात शिवशिवत होता. दुपारी त्याला त्यात गोडी वाटू लागली. संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, "हात लावू नकात, अजून गरम आसा." बाहेर उद्याच्या घोषणांची तालीम चालली होती. प्रत्येक 'झालाच पाहिजे'ला मनमोहनराव एक्सल आणखी घट्ट धरत. त्यांचे दंड भरून आले, पाठीला रग लागली, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटचा टाका निवल्यावर त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला. दोरा आणि लोखंड यांच्यामध्ये केसही शिरला नसता.

"एकदम सरळ," शिवा हळूच म्हणाला. मनमोहनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शिवाला मिठी मारली, आणि शिवानंही त्यांना मारली.

एक्सल वाडीत आणून कंदिलाच्या उजेडात बसवला. तो दोन्ही पाट्यांखाली तंतोतंत बसला. फक्त लष्करी रंगाच्या थराखाली बुजलेलं तेल घालायचं भोक, जे सगळ्या गाड्यांना वरच्या अंगाला असतं, ते खालच्या अंगाला आलं.

"हे असं कसं?" मनमोहनरावांनी विचारलं.

शिवानं विचार केला. "अमेरिका आपल्या पायाखाली आसा मां? मगे थयचां सगळां उलटांच आसतलां."

हे मनमोहनरावांना पटलं. दमलेल्या माणसाला पुष्कळ गोष्टी पटतात. शिवानं गाडीखाली आडवं पडून पिचकारीनं तेल भरलं आणि विटा काढल्या. चार वर्षांनी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली.

एक मे उजाडला. दारोदारी तोरणं, रांगोळ्या. वाडीत पुरणाचा वास दरवळत होता. सरोजिनीबाईंनी ते बुळबुळीत पाट्यावरच वाटलं होतं आणि मनगटाला हळद लावली होती. नवऱ्याशी त्या जरुरीपुरतंच बोलत होत्या. गाडीवर नकाशा बांधला. त्यातली लाल मुंबई सकाळच्या उन्हात चमकत होती. वाडीची माणसं पुढे, गल्लीच्या तोंडाशी गोळा झाली. ठाकुरद्वाराला वळसा घालून परत यायचं होतं. मनमोहनराव नवी टोपी घालून चाकामागे बसले. टोपी या वेळी कपाळाच्या वर होती. नकाशा धरायला कुणीतरी हवं, म्हणून सरोजिनीबाईंना शेजारी बसवलं.

मनमोहनरावांनी इंजिन सुरू केलं. पहिला गियर टाकला, क्लच सोडला.

गाडी झपकन मागे गेली.

मागे सरोजिनीबाईंच्या मिरच्या वाळत होत्या. गाडी त्यांच्यावरून गेली आणि नळाच्या कट्ट्याला टेकून थांबली. लाल धूळ उडाली. वाडीनं एकसाथ शिंकायला सुरुवात केली.

"चुकून रिव्हर्स पडला," मनमोहनराव म्हणाले. त्यांनी गाडी हातानं पुढे ढकलून घेतली आणि अगदी बघून दुसरा गियर टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली. उरलेल्या मिरच्याही संपल्या.

मनमोहनराव चाकावर हात ठेवून बसून राहिले. तेलाचं भोक, वाहून गेलेला खडू, पाण्यात गडगडत गेलेला एक्सल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर ओळीनं येऊन उभं राहिलं. एक्सल केसभर वाकला नव्हता. तो फक्त पूर्ण उलटा होता. आणि एक्सल उलटा बसला, की चाकं उलटी फिरतात.

"काय रे," नाना शिंकत म्हणाले, "टॅक्सी बोलावू का?"

दारात बुधाजी उभा होता. सुटीचा दिवस, मिरवणूक बघायला आला होता बिचारा. पण त्यानं नेहमीचा सुस्कारा सोडला, आणि त्या सुस्काऱ्यानं मनमोहनरावांच्या अंगात वीज आली. पुढे जायचे तिन्ही गियर मागे नेत असतील, तर मागे जायचा गियर कुठं नेईल?

"टॅक्सी कशाला," ते म्हणाले, "मी जागा करून घेत होतो." आणि त्यांनी रिव्हर्स टाकला.

गाडी पुढे निघाली. सावकाश, अगदी माणसाच्या पावलानं, पण निघाली. ताशा वाजू लागला, गुलाल उडाला. रिव्हर्स गियरमुळे इंजिन आतल्या आत किंचाळत होतं, पण घोषणांपुढे ते ऐकू कुणाला जाणार? शेजारच्या वाडीनं आणलेली टॅक्सी इतक्या हळू चालताना तापली आणि ठाकुरद्वाराच्या नाक्यावर वाफ सोडत उभी राहिली. पलीकडची लॉरी दर दहा पावलांनी बंद पडत होती आणि पोरं ती ढकलत होती. धैर्यवानांची गाडी मात्र एकदाही थांबली नाही. बायकांनी चालत्या नकाशाला ओवाळलं. एका म्हाताऱ्यानं गाडीबरोबर चालत चालत लाल मुंबईला हात लावून नमस्कार केला.

"एवढं मोठं इंजिन, पण काय संयम आहे," नाना सगळ्यांना सांगत होते. "वेग काय, कुणीही दाखवील."

मनमोहनरावांना हे ऐकू येत नव्हतं. ते घोषणा देत होते. पूर्ण तोंड उघडून, गळ्याच्या शिरा ताणून. त्यांचा साहेब फूटपाथवर उभा असता, तरी ते थांबले नसते. सरोजिनीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाचा आवाज एवढा मोठा आहे, हे त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळत होतं.

मिरवणूक परत आली. नकाशा उतरवला, माणसं पोळ्यांकडे पांगली. गाडीत दोघंच उरली.

"चालली," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"चालली," मनमोहनराव म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

"तो मागे जायचा गियर होता ना? मी बघत होते. सबंध वाट तोच."

मनमोहनरावांना आता काही लपवायचं नव्हतं. "एक्सल उलटा बसलाय. खडूची खूण धुऊन गेली आणि एक्सल गडगडला, मग मीच चुकीची बाजू वर धरली."

सरोजिनीबाईंनी मागे चेचलेल्या मिरच्यांकडे पाहिलं. मग आपल्या पावलाकडे पाहिलं.

"गाडी चालली पाहिजे, एवढंच मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "कुठल्या गियरवर, ते म्हणाले नव्हते. बुधाजीला मी सांगते." आणि पायऱ्या चढता चढता त्यांना जे हसू फुटलं, ते स्वयंपाकघरातूनही कितीतरी वेळ ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मनमोहनरावांनी रजा वाढवली, एक्सल उतरवला आणि पुन्हा लालबाग गाठलं. जुने टाके छाटून नवे मारायचे होते. एक्सल विटांवर ठेवला, तो डावीकडे कलंडला. मनमोहनरावांचे दंड अजून दुखत होते.

"तो दगडी पाटो होयो होतो," शिवा म्हणाला.

मनमोहनरावांना ते पटलं. बायको काल हसली होती, आज पुरणही वाटायचं नव्हतं. ते इराण्याकडे गेले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडे नानाच होते.

"नाना, घरी सांगा, पाटा पाठवा."

"पाटा. बरं. पण मनमोहन, ती गाडी दुरुस्त करू नकोस रे. गणपतीची मिरवणूक तुझ्याच गाडीवर काढायची ठरलीय. तेवढी हळू चालणारी गाडी दुसरी नाही."

"नाना, पाटा."

"सांगतो, सांगतो."

दुपारी भिवाची हातगाडी आली. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं, वर पुरणपोळ्यांचा डबा. मनमोहनरावांनी चादर सोडली. आत गाडीचा लोखंडी पाटा होता. ग्रीस पुसून, तेलाचं बोट फिरवून लखलखीत केलेला.

"वयनी म्हनल्या," भिवा म्हणाला, "सांग त्यास्नी, ह्या खेपेला मी बराबर वळखलं."

"आणि घरचा पाटा?"

"त्यो दारात हाय की. टाकीवाली बसलीया ठोकत. वयनींनी सोताच बोलवून आनली."

मनमोहनरावांनी लोखंडी पाटा भिंतीला टेकवून ठेवला. डबा उघडून एक पोळी शिवाला दिली, एक भिवाला दिली, एक स्वतः उभ्यानं खाल्ली. पुरण जरा जाडसर राहिलं होतं. मग त्यांनी हात पुसले, एक्सल फिरवून तेलाचं भोक वर आणलं आणि तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"मार टाका," ते म्हणाले.